परत जायचं दार: एच-१बीच्या नव्या फीमुळे भारतात परतलेल्यांचं गणित कसं बदललं?

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. सर्वपित्री अमावस्या. सांगलीत आमच्या घरी सकाळपासून स्वयंपाकाची गडबड चालू होती आणि मी हॉलमध्ये फोन घेऊन बसलो होतो. घड्याळात ९ वाजून ३१ मिनिटं झाली, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे १२ वाजून १ मिनिट. त्या क्षणापासून एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी लागू झाली. डिसेंबर २०२५ च्या भावाने साधारण ९० लाख रुपये.

आधीचे दोन दिवस माझे सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटलेले होते. कोणी सुट्टीवर भारतात आलेलं, ते धावतपळत विमान पकडत होतं. कोणी सॅन फ्रान्सिस्कोत विमानात बसलेलं, ते उतरून घरी परत गेलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "तुझं काही नाही ना रे त्यात?" मी म्हणालो, "नाही गं, मी तर परत आलोय."

हे उत्तर अर्धंच खरं होतं. त्या नियमाची झळ कोणाला लागते हे नीट वाचल्यावर कळलं, की अमेरिकेत बसलेल्यांपेक्षा तिथून निघालेल्यांसाठी तो जास्त महत्त्वाचा आहे. आणि मी तीनच महिन्यांपूर्वी निघालो होतो.

बातम्यांमध्ये या फीबद्दल भरपूर बोललं गेलं, पण बहुतेक चर्चा "आता अमेरिकेला जायचं कसं?" एवढ्यापुरती होती. आज आपण दुसरी बाजू बघू. जे परत आलेत किंवा यायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी नेमकं काय बदललं? आणि "परत आलो ते चुकलं का?" या प्रश्नाला खरंच काही उत्तर असतं का?

आधी नियम समजून घेऊ

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १९ सप्टेंबर २०२५ ला ही घोषणा सही केली. त्या दिवशी वाणिज्यमंत्री लुटनिक यांनी फी दरवर्षी लागेल असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने दुरुस्ती केली: फी एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांवर. घोषणेची मुदत १२ महिने, नंतर वाढवायची की नाही ते सरकार ठरवणार.

नेमका खुलासा आला २० ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे दिवाळी चालू असताना. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा:

- तुम्ही अमेरिकेत आहात, आणि तिथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाताय किंवा आहे तो एच-१बी वाढवताय, तर ही फी नाही.
- तुम्ही अमेरिकेबाहेर आहात, पण पासपोर्टवर एच-१बीचा चालू स्टँप आहे, तर फी नाही.
- तुम्ही अमेरिकेबाहेर आहात, चालू स्टँप नाही, आणि एखादी कंपनी तुमच्यासाठी नवा अर्ज करतेय, तर १ लाख डॉलर. ते कंपनीने भरायचे.

राष्ट्रहिताच्या नावाखाली सूट आहे, पण ती फारच मोजक्या लोकांसाठी.

आता तिसरा मुद्दा परत वाचा. "अमेरिकेबाहेर आणि चालू स्टँप नाही." यात पहिल्यांदाच जाणारा इंजिनिअर येतो, हे उघड आहे. पण पाच-सहा वर्षं तिथे काढून, टॅक्स भरून, परत आलेला माणूसही यातच येतो.

सहा वर्षांचं घड्याळ

हे का महत्त्वाचं आहे ते कळायला एच-१बीचं घड्याळ माहीत हवं.

एच-१बीवर साधारणपणे एकूण सहा वर्षं राहता येतं. तीन आणि तीन अशा दोन टप्प्यांत. गंमत अशी, की हे घड्याळ तुम्ही अमेरिकेत असतानाच चालतं. बाहेर गेलात की थांबतं. आणि एकदा लॉटरीत नंबर लागला, की उरलेल्या वर्षांसाठी पुन्हा लॉटरीत उतरावं लागत नाही. म्हणजे कोणी तीन वर्षं काम करून भारतात आला आणि दोन वर्षांनी त्याला परत जावंसं वाटलं, तर कंपनी शोधायची, कंपनीने अर्ज करायचा, स्टँप घ्यायचा, निघायचं. उरलेली तीन वर्षं त्याच्या खात्यात जमा असायची.

माझंच उदाहरण देतो. ऑगस्ट २०१९ ला एमएससाठी गेलो. २०२२ च्या लॉटरीत नंबर लागला, १ ऑक्टोबर २०२२ पासून एच-१बी सुरू झाला. जून २०२५ मध्ये परत आलो. खात्यात तीन वर्षं तीन महिने शिल्लक होते. पासपोर्टवरचा स्टँप ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत होता.

निघताना मी सगळ्यांना सांगत होतो, "एक-दोन वर्षं बघतो. नाही जमलं तर परत जाईन, सव्वातीन वर्षं आहेत ना." आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅकचा पर्याय ठेवून मी रिलीज केलं होतं. नवीन व्हर्जन चाललं नाही तर जुन्यावर परत.

ऑक्टोबरमध्ये खुलासा वाचला तेव्हा स्टँप संपून वीस दिवस झाले होते. सव्वातीन वर्षं कागदावर अजूनही आहेत. लॉटरीही लागणार नाही. पण पाच-सहा वर्षांच्या अनुभवाच्या इंजिनिअरला आणायला कोणती कंपनी ९० लाख रुपये वेगळे काढून ठेवेल? कोडमध्ये रोलबॅकचं बटण आहे, फक्त ते दाबायचे ९० लाख पडतात.

थोडक्यात, फीचा एक परिणाम असा झाला की जो तिथे आहे त्याने तिथून हलू नये. नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत तिथेच बसून नवी कंपनी मिळाली तर फी नाही. कंटाळून भारतात आलात, स्टँप संपलेला असेल, आणि मग ऑफर आली तर फी आहे. डॅलसमधला माझा जुना रूममेट डिसेंबरमध्ये याच ६० दिवसांत अडकला होता. त्याची बहीण नाशिकला बाळंतीण होती, आई एकटी धावपळ करत होती. त्याला यायचं होतं. नाही आला. म्हणाला, "आलो तर गेलो समज."

मग मुळात परत आलो कशाला?

हा प्रश्न मला ऑफिसात, लग्नांत, रिक्षात, सगळीकडे विचारला जातो. आमच्या मावशीने तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलास, असंच सांगून टाकलं.

दोन कारणं होती. एक घरचं. पप्पांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी तिकडे रात्रीचे दोन वाजता व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचं बोलणं ऐकत होतो, आणि नेट अडकलं. पुढचे वीस मिनिटं मला काहीच कळलं नाही. ताई कोल्हापूरला सासरी, ती पोहोचेपर्यंत आई एकटी. त्या वीस मिनिटांनी मनात घर केलं.

दुसरं कारण ग्रीन कार्डची रांग. अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड देते, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. भारत असो की छोटासा आइसलँड, मर्यादा तीच. त्यामुळे भारतीयांची रांग प्रचंड लांबली. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतीयांच्या ईबी-२ गटाची तारीख होती १ एप्रिल २०१३. म्हणजे त्या तारखेआधी रांगेत लागलेल्यांना तेव्हा कार्ड मिळत होतं. मी २०१३ मध्ये दहावी-अकरावीच्या मध्ये होतो. मी आज रांगेत लागलो तर माझा नंबर कधी लागेल याचा हिशोब करायला बसलो, आणि सोडून दिला.

कारणं दोन्ही खरी होती. तरीही पश्चात्ताप व्हायचा तो झालाच. का, ते बघू. आधी पैशापासून सुरू करू, कारण प्रत्येक जण तिथूनच सुरू करतो.

पगाराचा हिशोब कुठे चुकतो?

परत येणाऱ्याला दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिला म्हणतो, "१ लाख २० हजार डॉलर? म्हणजे १ कोटी ८ लाख! वेडा आहेस का?" दुसरा म्हणतो, "तिकडचा खर्चही तसाच असतो. इथले पंचवीस लाख म्हणजे तिकडचे तेवढेच झाले."

दोघेही अर्धे बरोबर आहेत.

पहिला बाजारातला दर लावतो. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला, म्हणून ९० ने गुणतो. दुसरा नकळत पीपीपी वापरतो, म्हणजे खरेदीच्या ताकदीचा दर. अमेरिकेत एक डॉलरमध्ये जेवढं मिळतं तेवढंच भारतात घ्यायला किती रुपये लागतील, हा तो आकडा. वर्ल्ड बँकेच्या हिशोबात तो भारतासाठी साधारण २० रुपयांच्या आसपास आहे. कटिंग, भाडं, डॉक्टर, घरकामाच्या मावशी हे सगळं इथे स्वस्त, म्हणून. २० ने गुणलं तर १ लाख २० हजार डॉलर म्हणजे २४ लाख रुपये.

मला पुण्यात ३२ लाखांची नोकरी मिळाली. २४ पेक्षा ३२ जास्त, म्हणजे माझा फायदाच, नाही का?

मीही असंच समजलो. चूक इथे होती. २० चा दर फक्त खर्चाला लागतो, आणि तोही सगळ्या खर्चाला नाही. आयफोन १७ ची किंमत २०२५ मध्ये अमेरिकेत ७९९ डॉलर होती, वरचा टॅक्स वेगळा. टॅक्स सोडून ९० ने गुणलं तर ७२ हजारांच्या आत. इथे तेव्हा त्याची किंमत ८२,९०० रुपये होती. लॅपटॉप, परदेश प्रवास, परदेशी कोर्स या वस्तूंना पीपीपी वगैरे काही माहीत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बचत. तिकडे वर्षाला माझे ३० हजार डॉलर शिल्लक पडायचे. ते भारतात पाठवले की बाजाराच्या दराने २७ लाख. इथे सगळा खर्च, टॅक्स जाऊन वर्षाला १२ लाख शिल्लक पडतील अशी चिन्हं आहेत. म्हणजे माझं रोजचं राहणीमान इथे जरा वरचंच आहे, पण बचत निम्म्याहून कमी.

म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा: खर्च २० ने मोजा, बचत ९० ने मोजा. कोणाला शैक्षणिक कर्ज फेडायचंय, कोणाला गावी घर बांधायचंय, त्याने दुसऱ्या आकड्याकडे बघायचं. कर्ज फिटलंय आणि जगणं सुधारायचंय, त्याने पहिल्याकडे. माझं कर्ज फिटलं होतं, म्हणून मला परवडलं. नसतं फिटलं तर मी आलो नसतो, आणि येऊही नये असंच सांगितलं असतं.

जे हिशोबात धरलंच नव्हतं

दोन गोष्टी मला कोणी सांगितल्या नाहीत, त्या तुम्हाला सांगतो.

एक, सोशल सिक्युरिटी. एच-१बीवर पगारातून ६.२ टक्के अमेरिकेच्या पेन्शन योजनेत जातात. १ लाख २० हजारांवर वर्षाला ७,४४० डॉलर. पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांचं काम. माझे १६ झालेत. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही, त्यामुळे ही वर्षं आपल्या पीएफशी जोडता येत नाहीत आणि पैसे परतही मिळत नाहीत. क्रेडिट रद्द होत नाहीत, पण परत गेल्याशिवाय त्यांचा उपयोगही नाही. आणि परत जायचं म्हटलं की पुन्हा तेच ९० लाख.

दोन, फोन नंबर. हे ऐकून हसाल. मी भारतात आल्यावर पहिल्याच आठवड्यात अमेरिकेचा नंबर बंद केला. महिन्याचे पैसे कशाला भरायचे? जानेवारीत टॅक्सची कागदपत्रं काढायची वेळ आली. रिटायरमेंट खात्यात लॉगिन करायला गेलो, तर ओटीपी त्या बंद नंबरवर. तिथे बंद झालेला नंबर ४५ दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही दिला जाऊ शकतो. म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या बचतीचा ओटीपी कदाचित टेक्सासमधल्या एखाद्या आजोबांच्या फोनवर टुणकन वाजत असेल. तीन आठवडे रात्री जागून कस्टमर केअरशी बोललो. पासपोर्टच्या कॉप्या, नोटरी, परत कॉल.

निघण्याआधी प्रत्येक खात्याचं लॉगिन ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्या. नंबर स्वस्तातल्या ई-सिम प्लॅनवर जिवंत ठेवा. इंटरनेटवरच्या नंबरवर काही बँका ओटीपी पाठवत नाहीत, तेही आधीच तपासा. हे काम तिथे असताना एका दुपारी होतं.

इथली नोकरी कशी आहे?

आता तुम्ही म्हणाल, नोकरीचं काय? परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती भारतात २०२४ मध्येच १,७०० च्या वर गेली होती आणि त्यात १९ लाखांच्या आसपास लोक काम करत होते. बंगळुरू, हैदराबाद पुढे आहेत, पण पुण्यातही खराडी, हिंजवडी, बाणेरला भरपूर आहेत. परत येणाऱ्यांना साधारण इथेच जागा मिळते. काम वाईट नाही. काही टीममध्ये तर तिकडच्यापेक्षा चांगलं आहे.

अडचण दुसरीच आहे. तिकडे असताना संध्याकाळी पाचनंतर लॅपटॉप बंद व्हायचा. इथे मी अमेरिकेसाठीच काम करतो, पण रात्री साडेनऊच्या कॉलवर बसून. तिकडे निर्णय घेणाऱ्या खोलीत होतो, इथे निर्णय झाल्यावर त्याचं तिकीट मिळतं. पहिल्या कंपनीत मॅनेजरने इंटरव्ह्यूलाच विचारलं होतं, "काढलं का तुला तिकडून?" मी नाही म्हटलं, त्याला पटलं नाही. त्या कंपनीत मी चार महिने टिकलो.

आणि खरी बोच अजून सांगितलीच नाही. मी आई-पप्पांसाठी आलो. नोकरी मिळाली पुण्यात. पुणे ते सांगली साधारण २३० किलोमीटर, त्यात हायवेचं काम. शुक्रवारी रात्रीचा कॉल संपला की स्वारगेट गाठायचं, पहाटे सांगली. रविवारी परत. महिन्यातून दोनदा जमतं, कधी एकदाच. चौदा हजार किलोमीटर पार करून आलो आणि शेवटच्या २३० मध्ये अडकलो. बऱ्याच मराठी मुलांचं असंच आहे: "घरी परत" म्हणजे गावी परत नाही, पुण्या-मुंबईला परत. हे आधीच स्वतःशी मान्य केलेलं बरं.

पश्चात्ताप मोजता येतो का?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी रोज रात्री लिंक्डइन उघडायचो. जुन्या टीममधला एकजण सीनिअर झाला. एकाने घर घेतलं, किल्लीचा फोटो टाकला. मी ते फोटो जास्त वेळ बघत राहायचो, म्हणून अ‍ॅप तसलेच फोटो जास्त दाखवायचं. फीडचं कामच ते आहे, तुम्ही कुठे थांबता ते बघणं. तिथे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्याने काढलेला जानेवारी कोणी पोस्ट करत नाही.

तेव्हा मी या विषयावर थोडं वाचलं. दोन गोष्टी उपयोगी वाटल्या.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं, की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप जास्त होतो, पण आयुष्याकडे मागे वळून बघताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. म्हणजे येऊन आठच महिने झालेल्या माणसाला "का आलो" वाटणं हे जवळपास ठरलेलंच आहे. त्यावरून निर्णय चुकला असं सिद्ध होत नाही.

दुसरा प्रयोग डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा, २००२ चा. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्वतः काढलेल्या दोन प्रिंटपैकी एकच ठेवायला सांगितलं. काहींना सांगितलं, मत बदललं तर काही दिवसांत बदलून मिळेल. बाकीच्यांना सांगितलं, आता बदल नाही. ज्यांना बदलायची मुभा होती त्यांना आपला फोटो कमी आवडला. ज्यांचं दार बंद होतं ते आपल्या फोटोवर जास्त खूश होते. आणि तरीही आधी विचारलं तर लोकांना बदलायची मुभाच हवी असते!

हे वाचून मी जरा चपापलो. जून ते सप्टेंबर, दार उघडं होतं तेव्हा, मी पुण्यात बेडसुद्धा घेतला नव्हता. गादी जमिनीवर. "बघू, जायचं झालं तर?" इथल्या कोणाशी नीट ओळख केली नाही, कारण मन डॅलसच्या वेळेवर चालत होतं. सव्वातीन वर्षांची शिल्लक हा माझा आधार होता आणि तीच मला धड ना इकडे धड ना तिकडे ठेवत होती.

याचा अर्थ फी चांगली आहे असा मुळीच नाही. दार बंद करायचा निर्णय माझा नव्हता. माझी तीन महिन्यांची चुकामूक झाली, आणि त्याचा राग आजही येतो. रूममेटच्या बाबतीत तर ही फी सरळ क्रूर आहे. पण राग सरकारच्या नियमाचा आहे आणि पश्चात्ताप स्वतःच्या निर्णयाचा, हे दोन वेगळे खाते आहेत, आणि मी दोन महिने दोन्ही एकाच खात्यात लिहीत होतो.

तुम्ही परत यायचा विचार करत असाल तर

"जा" किंवा "येऊ नका" असं मी सांगणार नाही. पण निघण्याआधी कागदावर तीन रकाने काढा.

पहिला, जे परत फिरवता येतं: इथली नोकरी, शहर, भाड्याचं घर. याची फार चिंता नको.

दुसरा, जे आज फिरवता येतं पण उद्या बंद होऊ शकतं: व्हिसाचा स्टँप, उरलेली एच-१बीची वर्षं. शक्य असेल तर मुदतवाढ आणि नवा स्टँप हातात घेऊन मगच या. मी तीन महिने थांबून मुदतवाढ घेतली असती आणि मग स्टँप मारून आलो असतो, तर आज नियमाच्या दुसऱ्या मुद्द्यात बसलो असतो. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल तर रांगेतली तारीख साधारणपणे तुमचीच राहते, त्याची कागदपत्रं कंपनीकडून मागून घ्या. भारतातही आल्यावर काही वर्षं परदेशी उत्पन्नावर टॅक्सची सवलत मिळू शकते, ती तुमच्या भारतातल्या दिवसांच्या मोजणीवर ठरते. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन येण्याआधीच सीएकडे जा.

तिसरा, जे फिरवता येतच नाही: आई-वडिलांचं वय, तुमची विशी. हा रकाना छोटा असतो, पण बाकी दोन्हींवर भारी पडतो. कोणाच्या बाबतीत तो भारतात यायला सांगेल, कोणाच्या बाबतीत तिथेच राहायला.

संक्रांतीला घरी गेलो होतो. रात्री गच्चीवर पप्पांना हे सगळं एकदाचं सांगितलं. स्टँप, ९० लाख, बचत निम्मी, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एक गोष्ट ऐक. माझ्यासाठी आलास असं लोकांना सांगू नकोस. उद्या तुला वाईट वाटलं की ते माझ्या अंगावर येतं. तुला यायचं होतं म्हणून आलास, एवढं सांग."

मला लगेच काही बोलता आलं नाही. पण त्यांचं बरोबर होतं. त्या वीस मिनिटांच्या कॉलनंतर पप्पांनी "ये" असं एकदाही म्हटलं नव्हतं. मला तिथे थांबवत नव्हतं, म्हणून मी आलो होतो.

पुण्यात परत आल्यावर त्या आठवड्यात बेड घेतला. व्हिसा बुलेटिन अजूनही दर महिन्याला उघडतो, खोटं कशाला बोलू. पण आता दुसऱ्या दिवशी सकाळी.